स्वप्नातून देहाबाहेर: गच्चीवरची टाकी काय सांगते

पत्राचा सारांश: साताऱ्यात शाहूपुरीत राहणाऱ्या, कोरेगावला बँकेत नोकरी करणाऱ्या २९ वर्षांच्या एका वाचक भगिनीचं हे पत्र आहे. लहानपणापासून अधूनमधून त्यांना स्वप्न चालू असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं कळतं. काही महिन्यांपूर्वी त्यांनी ११ हजार रुपये भरून एक ऑनलाइन कोर्स घेतला. ल्युसिड ड्रीम (म्हणजे असं भान असलेलं, सजग स्वप्न) ही पहिली पायरी आणि तिथून पुढे ॲस्ट्रल प्रोजेक्शन, म्हणजे सूक्ष्म देहानं खऱ्या जगात हिंडणं, असं त्यात शिकवतात. त्यासाठी त्या रोज रात्री ३, ४ आणि ५ वाजता गजर लावून उठतात. एका पहाटे कानात घोंघावल्यासारखं झालं, अंगभर कंप आला आणि त्या गच्चीवर पोचल्या. वरून अजिंक्यतारा दिसला, खोलीत परतल्यावर स्वतःचं झोपलेलं शरीरही दिसलं. गच्चीवर मात्र जुनी काळी टाकी होती, जी दिवाळीतच काढून तिथं पांढरी बसवली आहे. यावर कोर्सचे सर म्हणाले, ‘ॲस्ट्रल पातळीवर जुन्या वस्तूंचे ठसे राहतात.’ त्यानंतर दोनदा पहाटे जाग आली, पण हातपाय हलेनात आणि छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटलं. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, देवर्ष्याला दाखवू. नवरा हसण्यावारी नेतो. कोर्सवाले म्हणतात २५ हजारांची दुसरी लेव्हल घ्या, त्यात संरक्षण कवच देतो. ते खरं प्रोजेक्शन होतं का, पुढं कसं जायचं आणि परत येता आलं नाही तर काय, असे त्यांचे प्रश्न आहेत. शेवटी एक ओळ आहे: ‘मी म्हणजे फक्त हे शरीर नाही, एवढी एकदा खात्री करून घ्यायची आहे.’

उत्तर:

परत येण्याची भीती आधी बाजूला करू, कारण ती असेपर्यंत बाकीचं डोक्यात शिरणार नाही. या अनुभवात शरीर झोपलेलं असतं, रिकामं पडलेलं नसतं. गजर वाजला, लघवीला लागली, कुणी हाक मारली की जाग येते. न परतण्याची धास्ती दोन जुन्या गोष्टींतून आली आहे. शंकराचार्यांनी अमरु राजाच्या देहात प्रवेश केला तेव्हा शिष्य त्यांचं शरीर राखत बसले, ही आपल्याकडची आख्यायिका. दुसरी ‘रुपेरी दोरी’. ती बायबलच्या जुन्या करारातल्या उपदेशक या पुस्तकातला शब्दप्रयोग असून पाश्चात्त्य गूढवाद्यांनी सूक्ष्म देहाला नेऊन बांधला. कोर्सवाल्यांनी दोन्ही एकत्र कालवल्या आणि त्यावर कवच विकायला काढलं.

छातीवर बसलेलं जे होतं, त्याला स्लीप पॅरालिसिस म्हणतात. शंभरातल्या सात-आठ जणांना तरी आयुष्यात कधी ना कधी हे होतं. स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे रेम झोपेत, मेंदूच्या बुंध्यातून स्नायू सैल ठेवण्याचा हुकूम सुटतो. नाहीतर स्वप्नात धावणारा माणूस पलंगावरून खाली आला असता. या हुकुमातून डोळ्यांचे स्नायू आणि श्वासाचा पडदा वगळलेले असतात. कधीकधी जाणीव आधी जागी होते आणि हुकूम मागं घ्यायला उशीर होतो. बरगड्यांमधले स्नायू अजून सैल असतात, तुम्ही घाबरून खोल श्वास घ्यायला जाता, तो मिळत नाही आणि छातीवर वजन ठेवल्यासारखं होतं. त्यात रेम झोपेत मेंदूतला भीतीचा भाग तापलेला असतो. खोलीत कुणीतरी आहे, ही खात्री तिथून येते. जगभरात लोकांनी त्या कुणाला तरी आपापल्या गावची नावं दिली आहेत.

पुन्हा झालं तर अंगाला हिसके देऊ नका, त्यानं भीती वाढते. श्वास पोटावर सोडून द्या, उच्छ्वास लांबवा, डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवा आणि एकाच पायाचा अंगठा हलवण्यावर लक्ष ठेवा. काही सेकंदांत, फार तर एक-दोन मिनिटांत सुटतं. उताणं झोपल्यावर हे जास्त होतं, म्हणून कुशीवर झोपा. पण खरं कारण तुमचे तीन गजर आहेत. वारंवार तोडलेली झोप पुन्हा लागताना थेट रेममध्ये घसरते आणि त्यातून अर्धवट जाग येते. हे तुमचं तुम्ही घडवून आणलं आहे. सासूबाईंना एवढं सांगितलं तरी पुष्कळ.

आता पायरीचं बघू. कोर्सनं तुमच्या डोक्यात एक जिना उभा केला आहे: खाली साधं स्वप्न, वर सजग स्वप्न, त्याच्या वर ‘खरी’ यात्रा. या जिन्याची खालची पायरी पक्की आहे. १९७५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांच्या प्रयोगशाळेत ॲलन वर्स्ली या माणसानं झोपेत, रेम चालू असताना, आधी ठरलेल्या डोळ्यांच्या खुणा करून ‘मी स्वप्नात आहे’ असं कळवलं. पुढं अमेरिकेत स्टॅनफर्डला स्टीफन लाबर्ज यांनी स्वतंत्रपणे तेच दाखवलं. २०२१ मध्ये चार देशांतल्या प्रयोगशाळांनी झोपलेल्यांना प्रश्न विचारून उत्तरं मिळवली. आठातून सहा गेले किती, तर डोळ्यांनी दोनदा खूण. म्हणजे सजग स्वप्नाचा दावा यंत्राच्या कागदावर उमटला.

वरच्या पायरीलाही संधी मिळाली होती. १९६८ मध्ये अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ चार्ल्स टार्ट यांनी एका तरुणीचा प्रयोग छापला. झोपलेल्या जागेवरून दिसणार नाही असा पाच आकडी नंबर तिनं बरोबर सांगितला. याचा उल्लेख कोर्समध्ये हमखास होतो. नंबरचं प्रतिबिंब भिंतीवरच्या घड्याळात दिसण्याची शक्यता टार्ट यांनी स्वतःच नोंदवली होती, हे मात्र सांगत नाहीत. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, हृदय बंद पडलेल्या रुग्णांच्या मोठ्या पाहणीत, छताजवळून पाहिलं तरच दिसतील अशी चित्रं फळ्यांवर ठेवली होती. एकाही रुग्णानं चित्र सांगितलं नाही. ज्या दोघांनी आजूबाजूचं काही पाहिल्या-ऐकल्याचं सांगितलं, त्यांच्या खोल्यांत नेमकी फळी नव्हती.

अनुभव मात्र खोटा नाही. २००२ मध्ये जिनिव्हात फिट्सच्या एका रुग्ण महिलेच्या मेंदूची तपासणी चालू होती. कानाच्या वरच्या मागच्या बाजूला, उजव्या अँग्युलर गायरस भागात विजेचा सौम्य झटका दिल्यावर ती म्हणाली की मी वरून मला पलंगावर पाहते आहे. ओलाफ ब्लांके यांच्या चमूनं ही नोंद छापली. शरीर कुठं आहे हे मेंदू सतत जुळवत असतो, डोळ्यांकडून, कानातल्या तोलाच्या अवयवाकडून, स्नायूंकडून येणाऱ्या खबरांवरून. रेममध्ये स्नायूंच्या खबरा बंद आणि जाणीव जागी, अशी स्थिती आली की जुळणी सुटते. मग तरंगणं, कंप, घोंघावणं, गळून खाली पडल्यासारखं वाटणं हे सगळं येतं. जागेपणातून थेट शिरलेल्या स्वप्नांत देहाबाहेरचा अनुभव जास्त येतो, तो यामुळं.

म्हणून तुमच्या टाकीकडं परत येऊ. पत्रातला सगळ्यात मोलाचा तपशील तोच आहे आणि तुम्ही तो लपवला नाहीत, याचं कौतुक. सूक्ष्म देहानं खऱ्या गच्चीवर गेला असतात तर आज तिथं असलेली पांढरी टाकी दिसायला हवी होती. तुमच्या मनात गच्चीचं जे चित्र वर्षानुवर्षं ठसलंय, त्यात काळीच टाकी आहे. तुम्ही त्या चित्रात उतरला होतात. ‘जुन्या वस्तूंचे ठसे राहतात’ हे स्पष्टीकरण ऐकायला छान आहे, पण त्याची खोड बघा: पांढरी दिसली असती तर ‘पाहा, यात्रा खरी’, काळी दिसली तर ‘ठसा’. काहीही दिसलं तरी जे बरोबरच ठरतं, त्यातून काही कळत नाही. पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर म्हणून असं की ते देहाबाहेर पडल्याचं अतिशय सुस्पष्ट सजग स्वप्न होतं.

तरीही पुढं जायचं असेल तर जा, पण झोप न विकता. सुरुवातीचे दहा दिवस एकही गजर नको. ११ ते साडेसहा सलग झोप. सकाळी जाग आल्यावर हलू नका, डोळे मिटूनच शेवटचं दृश्य आठवा, तिथून मागं मागं जा, मग वहीत पाच ओळी लिहा. मोबाइलवर टिपायला गेलात तर पहिल्या नोटिफिकेशनलाच स्वप्न पुसलं जाईल. आठवडाभरात पुन्हापुन्हा येणाऱ्या विसंगती सापडतात. तुमची एक सापडलेलीच आहे: काढून टाकलेली वस्तू जागेवर दिसली की हे स्वप्न. दिवसा सहा-आठ वेळा नाक चिमटीत धरून श्वास आत ओढून पाहा. स्वप्नात नाक धरलं तरी श्वास येतो. हे यंत्रासारखं करून उपयोग नाही, ‘आत्ता मी खरंच जागी आहे का?’ असा संशय घेऊन करायचं. रोजच्या एखाद्या गोष्टीला जोडून ठेवा. काउंटरवर नोटा मोजण्याचं मशीन घरघरलं की एकदा, असं. ग्राहकानं विचारलंच तर सर्दीचं निमित्त आहेच.

रात्रीचा प्रयोग फक्त दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल तेव्हा. म्हणजे दर शनिवारी रात्री आणि दुसऱ्या-चौथ्या शनिवारच्या आदल्या शुक्रवारी. तुम्ही कोरेगावला स्कूटीवरून जाता. तुटलेल्या झोपेवर सकाळी त्या रस्त्याला लागणं हा या सगळ्या प्रकरणातला एकमेव खरा जिवाचा धोका आहे. ११ ला झोपलात तर ४ वाजता एकच गजर लावा. रेमचे लांब टप्पे रात्रीच्या शेवटच्या तिसऱ्या भागात येतात, म्हणून ३ चा गजर तसाही वाया जातो. उठून अंथरुणातून बाहेर या, बारीक पिवळ्या दिव्यात २०-३० मिनिटं बसा, वही वाचा. चहा नाही, मोबाइल नाही. मग कुशीवर झोपून नुकतंच पडलेलं स्वप्न डोळ्यांपुढं आणा. ज्या जागी विसंगती होती तिथं ‘अरे, हे तर स्वप्न!’ असं ओळखलंत, असं मनात घडवा आणि म्हणा: पुढच्या स्वप्नात हे स्वप्न आहे हे मला आठवेल. ही लाबर्ज यांची पद्धत. असं म्हणत पाच-दहा मिनिटांत झोप लागली तर यश जास्त येतं. तासभर तळमळत राहिलात तर उठण्याचा वेळ १० मिनिटांवर आणा.

स्वप्नात भान आलं की पहिल्यांदा थांबा. बहुतेकींचं स्वप्न पहिल्या दहा सेकंदांत आनंदानं तुटतं. तळहात एकमेकांवर घासा, भिंतीचा खरखरीतपणा बोटांनी चाचपा. दृश्य विरायला लागलं तर जागच्या जागी गिरकी घ्या. ते स्थिरावलं की ‘बाहेर पडण्या’चा भाग: स्वप्नातल्या जमिनीवर आडव्या व्हा आणि पाठीच्या भाराकडं लक्ष द्या. डोळे मात्र क्षणभरच मिटा, जास्त वेळ मिटले तर जाग येते. बरेचदा दृश्य जाऊन तुम्ही स्वतःच्या पलंगावर असल्यासारखं वाटतं, घोंघाट आणि कंप सुरू होतो. इथंच लोक फसतात. ही खरी जाग असू शकते, अर्धवट जाग असू शकते किंवा जागं झाल्याचं स्वप्नही असू शकतं. कोणतीही असो, खरे स्नायू वापरू नका. भिंतीच्या बाजूला लोळत गेल्याची किंवा छतापासून लोंबणारा दोर हातांनी ओढत वर चढल्याची नुसती जाणीव आणा. बाहेर पडल्यावर मागं वळून शरीर बघायचा मोह आवरा. लक्ष शरीराकडं गेलं की बहुतेक वेळा खेळ संपतो. सरळ दुसऱ्या खोलीत जा. आवंढा गिळावासा वाटणं, छातीची धडधड मोजणं, डोळे उघडून खात्री करणं, ही प्रयत्न फसण्याची नेहमीची कारणं.

आणि प्रत्येक वेळी चाचणी घ्या. हसणाऱ्या नवऱ्याला कामाला लावा. लिंबू, कात्री, किल्ली, चमचा, साबणाची वडी, कंगवा अशा सहा वस्तूंना १ ते ६ आकडे द्या. तुम्ही झोपल्यावर त्यांनी स्वयंपाकघरात सोंगटीचा फासा टाकायचा आणि त्या आकड्याची वस्तू माळ्यावर, खालून दिसणार नाही अशी ठेवायची. बाकीच्या पाच डब्यात. अक्षरं-आकडे मुद्दाम टाळले आहेत, कारण स्वप्नात लिहिलेलं दुसऱ्यांदा पाहताना बदलतं. सकाळी नवऱ्याशी एक शब्दही बोलण्याआधी वहीत तारीख घालून एकच वस्तू लिहायची. ‘काहीतरी पिवळं होतं’ म्हणजे लिंबू नव्हे. बाहेर पडल्याचा अनुभव आला त्याच रात्री मोजायच्या, आणि आलेली प्रत्येक मोजायची, चुकलेलीसुद्धा. नुसत्या अंदाजानं सहात एक बरोबर येतं, बारा नोंदींत दोन. आठ-नऊ आली तर तुमच्याकडं दखल घेण्याजोगं काहीतरी आहे. माझा अंदाज दोन-तीनचा आहे. आठवड्याला एक-दोन रात्री धरल्या तर बारा नोंदी जमायला सहा-आठ महिने सहज जातील, आणि जाऊ द्यात.

आता तुमच्या शेवटच्या ओळीबद्दल. खात्री आणि अनुभव यांची तुम्ही एकच मोट बांधली आहे. देहापासून वेगळं असल्याचा अनुभव माणसाला आतून हलवू शकतो, अनेकांची मरणाची भीती त्यानं कमी झाल्याचं ते सांगतात. तो अनुभव तुम्हाला आलेलाही आहे. पण अनुभव कितीही लख्ख असला तरी आत्मा देहाहून वेगळा आहे की नाही, याचा निकाल त्यातून लागत नाही, कारण तसाच अनुभव विजेच्या झटक्यानंही येतो. त्या प्रश्नासाठी तुम्हाला वाचन, चिंतन, श्रद्धा असा दुसरा रस्ता लागेल आणि तो या गजरांपेक्षा जुना आहे. ‘आपल्या ऋषींनी हेच केलं’ असं कोर्समध्ये म्हणत असतील, तर पातंजल योगसूत्रं उघडून बघा. समाधिपादातलं ३८ वं सूत्र स्वप्न आणि निद्रेच्या ज्ञानाचा आधार घेऊन चित्त स्थिर करायला सांगतं. विभूतिपादात परकायाप्रवेशाचं सूत्र येतं खरं, पण त्याच्या आधीचं सूत्र अशा सिद्धींना समाधीतले अडथळे म्हणतं. स्वप्नातलं भान चित्त स्थिर करायला वापरायचं असेल, तर गच्चीवर जायचीसुद्धा गरज नाही. भान आल्यावर स्वप्नातच शांत बसून श्वास पाहा. ज्यांना उडणं लवकर साधत नाही, त्यांनाही हे जमतं.

हे वाचून प्रयोग करू पाहणाऱ्या इतरांसाठी थोडं. फिट्सचा त्रास असेल, घरात स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर आजार असेल, दिवसाही आपण शरीराबाहेर आहोत किंवा आजूबाजूचं खोटं आहे असं वाटत असेल, तर यात पडू नका. दिवसा आवरत नाही इतकी झोप येते, हसताना गुडघे लुळे पडतात, हे नार्कोलेप्सी या झोपेच्या आजाराचं लक्षण असू शकतं, न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. डिप्रेशनच्या बऱ्याच गोळ्या रेम झोप दाबतात. स्वप्नं वाढावीत म्हणून त्या परस्पर बंद करणाऱ्याला भयंकर स्वप्नांचा पूर येतो आणि मूळ आजारही उलटतो. इंटरनेटवर सुचवली जाणारी गॅलन्टामाइन ही गोळी अल्झायमरच्या रुग्णांसाठी आहे. तिनं सजग स्वप्नं वाढतात हे खरं, पण मळमळ आणि हृदयाचे ठोके मंदावणं हेही तिचंच. मन घाबरंघुबरं झालं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येतं.

सासूबाईंशी वाद घालू नका, त्यांना तुमची काळजीच वाटते आहे. दहा दिवस गजर बंद ठेवून त्यांनाच पाहू द्या की दाब येतो का. बहुधा येणार नाही. देवर्ष्याकडं जाण्याचा आग्रह मारझोड, धुरी, उपाशी ठेवणं अशा उपचारापर्यंत गेला, तर तो २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा ठरू शकतो. त्या कायद्यासाठी झगडलेले डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते तुमच्या गावात घरी येऊन समजावून सांगतील.

दुसऱ्या लेव्हलचे २५ हजार भरू नका. कवच कशापासून, एवढंच त्यांना लेखी विचारा. पहिल्या लेव्हलचे पैसे परत मिळतील असं धरून चालू नका, पण पुढच्या हप्त्याचं ऑटो-डेबिट चालू ठेवलेलं असेल तर ते आजच तुमच्या ॲपमधून रद्द करा. ते कसं करायचं, हे बँकेतल्या माणसाला मी सांगायला नको.